क्रूगर आणि मापुंगुब्वे स्वतः गाडी चालवून: आधी क्रम नीट लावा, मग तिकिटं काढा

ओळखीतली लोकं साउथ आफ्रिकेतल्या क्रूगर नॅशनल पार्कचे प्लॅन पाठवतात, "जरा एकदा नजर टाक" म्हणून, आणि जवळजवळ प्रत्येक प्लॅनमध्ये तीच गडबड असते. आधी विमानाचं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून काढून टाकलेलं, मग गाडी, मग व्हिसा, आणि सगळ्यात शेवटी जंगलात राहायचं कुठे हे बघायला गेले की सगळे कॅम्प (पार्कातल्या राहायच्या जागा) फुल. मग बाहेरच्या गावात हॉटेल घ्यायचं, रोज सकाळी गेटवर रांग लावायची, आणि पहाटेच्या ज्या दोन तासांसाठी आपण एवढे लाखभर रुपये घालून आलो ते दोन तास रांगेत घालवायचे. खूप वाईट वाटतं हो असं बघून. म्हणून हे सगळं क्रमानं लिहून काढतोय, एकदाच, नीट.

हे फक्त साउथ आफ्रिकेतल्या एका मार्गाबद्दल आहे: दक्षिणेकडून क्रूगरमध्ये शिरायचं, हळूहळू उत्तरेला सरकायचं, उत्तरेकडच्या पुंडा मारियाला बाहेर पडायचं, तिथून मापुंगुब्वे (जुन्या राजाच्या ठाण्याचे अवशेष असलेलं पार्क) आणि मग एन १ हायवेनं परत जोहान्सबर्ग. एकही रस्ता दोनदा होत नाही आणि जंगल, जुनी वस्ती दोन्ही होतं. दोन्ही नॅशनल पार्क सानपार्क्स या तिथल्या सरकारी संस्थेच्याच ताब्यात आहेत त्यामुळे बुकिंगही एकाच ठिकाणी. किमान १२ रात्री हव्यात. सहा-सात दिवसच असतील तर मापुंगुब्वे सोडा आणि क्रूगरचा फक्त दक्षिण आणि मधला भाग करा.

१. महिना ठरवा (तिकीट नाही, महिना)

मे ते सप्टेंबर कोरडा काळ. गवत कमी, झाडांची पानं गळलेली, पाणी मोजक्याच ठिकाणी उरलेलं, त्यामुळे प्राणी पाण्यावर येतात आणि दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्यानं हाच काळ धरावा. फक्त पहाट बेक्कार थंड असते, उघड्या गाडीतल्या सफारीला स्वेटर, कानटोपी, हातमोजे सगळं लागतं, आफ्रिका म्हणजे गरमच असणार असं समजून लोक टीशर्टवर जातात आणि कुडकुडतात.

नोव्हेंबर ते मार्च पाऊस. हिरवंगार, इम्पाला हरणांची पिल्लं, परदेशातून आलेले पक्षी, पण गवत उंच आणि ऊन ४० च्या घरात जाऊ शकतं. पक्षी बघणाऱ्यांना हा काळ सोन्यासारखा. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर ऑक्टोबर गरम असतो पण पाणी आटलेलं असल्यानं प्राणी भरपूर दिसतात. मे महिन्याची सुट्टी तर आपल्याला अगदी फिट बसते.

तपासा: तिथल्या शाळांच्या सुट्ट्या. जून-जुलैतले आठवडे, ईस्टर, डिसेंबर-जानेवारी, या दिवसांत तिथलीच कुटुंबं सगळं बुक करून ठेवतात.

२. कॅम्प बुक करा. सगळ्यात आधी हेच.

सानपार्क्सच्या वेबसाइटवर साधारण ११ महिने आधी बुकिंग उघडतं. उघडल्या उघडल्या करायला पाहिजेच असं नाही, पण लोअर साबी, सतारा आणि ओलिफंट्स हे तीन कॅम्प झपाट्यानं भरतात, त्यामुळे हे तीन मिळेल त्या तारखांना आधी पकडायचे आणि बाकीचा प्लॅन त्यांच्याभोवती बसवायचा. उलटं केलंत की अडकलात.

मी सांगेन तो क्रम असा: लोअर साबी २ रात्री, सतारा २, ओलिफंट्स किंवा लेटाबा १, शिंगवेड्झी १, पुंडा मारिया २, आणि मग मापुंगुब्वेमधला लिओक्वे कॅम्प २. झाल्या १० रात्री, अधिक आल्या दिवशीची एक रात्र वाटेत आणि परतीच्या वाटेवर एक. स्कुकुझा मुद्दाम घेतला नाहीये, तो सगळ्यात मोठा कॅम्प आहे, दुकान, पेट्रोल, डॉक्टर सगळं आहे, पण गावासारखा वाटतो. ज्यांच्या घरात वयस्कर माणसं आहेत त्यांनी मात्र तिथे एक रात्र घ्यावी, सोय चांगली पडते.

आता सगळ्यात मोठी चूक, अंतराची. क्रूगर उत्तर-दक्षिण साधारण ३६० किमी लांब आहे आणि क्षेत्रफळ जवळपास २०,००० चौरस किमी. लोक नकाशात बघतात, स्कुकुझा ते सतारा ९३ किमी, म्हणतात दीड तास. डांबरी रस्त्यावर स्पीड लिमिट ५० आहे, मातीच्या रस्त्यावर ४०, आणि प्राणी बघत बघत जाताना सरासरी २०-२५ च्या वर पडत नाही, मध्येच हत्तींचा कळप रस्ता ओलांडत असेल तर अर्धा तास तिथेच. म्हणजे ९३ किमीला चार-साडेचार तास धरा. पहिल्या ट्रिपला आम्ही हे अंतर दुपारी तीनला सुरू केलं आणि शेवटचे २० किमी काहीही न बघता, वाटेत उभा असलेला कुडूचा (मोठ्या शिंगांचं हरण) नर सुद्धा सोडून, फक्त कॅम्पचं गेट बंद व्हायच्या आत पोचायला पळालो. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

नियम साधा ठेवा: कॅम्प बदलायच्या दिवशी शक्यतो १०० किमीच्या आसपास, आणि एका रात्रीचे कॅम्प शक्यतो सलग दोनच्या वर नकोत. सतारा ते ओलिफंट्स ५४ किमी, ओलिफंट्स ते लेटाबा ३२, लेटाबा ते शिंगवेड्झी मोपानीवरून ११० च्या आसपास, शिंगवेड्झी ते पुंडा मारिया ७३. ओलिफंट्सहून थेट शिंगवेड्झी गाठायचं तर तो दिवस लांबतो, म्हणून त्या दिवशी गेट उघडताच निघा, किंवा एक रात्र वाढवून मध्ये मोपानीला थांबा.

खोली निवडताना वर्णन शब्दन् शब्द वाचा. "हट", "बंगलो", "कॉटेज", "सफारी टेंट" हे सगळं वेगवेगळं आहे. काही हटना संडास-बाथरूम बाहेर, सगळ्यांचं एकत्र. काही खोल्यांत फ्रीज आहे पण भांडी नाहीत, काहींत स्वयंपाकघर पूर्ण आहे. घरचं शाकाहारी जेवण करणार असाल तर शेगडी आणि भांडी दोन्ही लिहिलेलीच खोली घ्या, नाहीतर सगळ्यांच्या सामायिक किचनमध्ये स्वतःची पातेली घेऊन जावं लागेल.

इशारा: बुकिंगच्या वेळी आपल्या कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू आहेत का बघा, बरीच बुकिंगं इथेच अडकतात. आणि पैसे भरायच्या आधी कॅन्सलेशनचे नियम वाचा, कारण व्हिसा अजून हातात नाहीये.

३. फी चा हिशोब वेगळा करा

राहण्याच्या भाड्यात पार्कची रोजची कॉन्झर्वेशन फी धरलेली नसते. ती माणशी, रोजची, आणि तीन दर असतात: तिथल्या नागरिकांचा, शेजारच्या सादेक (आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांचा गट) देशांचा आणि इंटरनॅशनल. आपला भारतीय पासपोर्ट म्हणजे तिसरा, सगळ्यात महाग. लोक पहिला आकडा बघून बजेट करतात आणि गेटवर धक्का बसतो. अमेरिकेत, दुबईत राहणाऱ्यांना पण हाच दर.

वाइल्ड कार्ड नावाचा वर्षाचा पास मिळतो, एकट्याचा, जोडप्याचा, कुटुंबाचा. त्याची किंमत भागिले तुमची रोजची फी एवढंच गणित करायचं, एवढ्या रात्रींच्या ट्रिपला बहुतेक वेळा कार्डच परवडतं, चार दिवसांना नाही. कार्ड मापुंगुब्वेला पण चालतं.

४. व्हिसा, लस, औषधं

साउथ आफ्रिकेचा व्हिसा आपल्याला आधी काढावा लागतो. अर्ज करायच्या दिवशी त्यांच्या अधिकृत साइटवर सध्याची पद्धत वाचा, एजंटनं दोन वर्षांपूर्वी दिलेली कागदांची यादी धरून बसू नका. निदान दोन महिने हातात ठेवा. पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं हवीत आणि परतीच्या तारखेनंतर किमान ३० दिवस तो चालू हवा.

मुलं बरोबर असतील तर आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला लागतो. एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. आपल्याकडे बरेच जुने दाखले फक्त मराठीत असतात, ते आधीच इंग्रजीत करून घ्या, महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत हे काम किती दिवस घेईल कोणी सांगू शकत नाही.

यलो फीवर: भारतातून थेट किंवा आखातातून गेलात तर प्रश्न नाही. पण नैरोबी किंवा अदिस अबाबावरून जाताना तिथे लांबचा थांबा घेणार असाल किंवा विमानतळाबाहेर पडणार असाल तर लस घ्या, आणि ती सरकारमान्य केंद्रातच. सर्टिफिकेट लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं, आठवडाभर आधी पळापळ करून उपयोग नाही. परत येताना मुंबईच्या विमानतळावर पण विचारतात हे लक्षात ठेवा.

मलेरिया: क्रूगर आणि मापुंगुब्वे दोन्ही मलेरियाच्या पट्ट्यात. सप्टेंबर ते मे धोका जास्त. गोळ्या घ्यायच्या का, कुठल्या, हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना जायच्या किमान तीन आठवडे आधी भेटा. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परत आल्यावर ७ दिवस घ्यायची असते, डॉक्सीसायक्लिन परत आल्यावर ४ आठवडे. लोक विमानातून उतरले की गोळ्या बंद करतात. ते चुकीचं आहे. लहान बाळ किंवा गरोदर बाई बरोबर असेल तर सरळ मलेरिया नसलेलं पिलान्सबर्ग किंवा ॲडो एलिफंट पार्क करा, क्रूगर पुढच्या वेळी.

५. गाडी

तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे आपल्या लोकांना खरंच सोपं आहे. लायसन्स इंग्रजीत, फोटो आणि सहीसकट पाहिजे, आपलं स्मार्ट कार्ड चालतं, तरी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढूनच जा, एक वर्ष चालतं आणि कुठे वाद होत नाही.

डिपॉझिट गाडी चालवणाऱ्याच्या नावावरच्या क्रेडिट कार्डावर ब्लॉक होतं. फॉरेक्स कार्ड किंवा डेबिट कार्ड देऊन काउंटरवर अडकलेली माणसं मी पाहिलीत. बायकोच्या नावाचं कार्ड आणि नवऱ्याच्या नावाची गाडी, हे पण चालत नाही.

क्रूगरला साधी सेडान पुरते, फोर बाय फोर नको, पण बसायची जागा जेवढी उंच तेवढं गवतापलीकडचं दिसतं, म्हणून छोटी एसयूव्ही परवडत असेल तर घ्या. मापुंगुब्वेमध्ये काही रस्ते फक्त फोर बाय फोरसाठी आहेत, ते सोडून द्यायचे.

तपासा गाडी घेताना: स्टेपनी आहे का आणि हवा भरलेली आहे का, जॅक आहे का, टायर आणि काचेचा विमा धरलाय का, मातीच्या रस्त्याबद्दल करारात काय लिहिलंय. गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा.

६. सामान आणि खाणं

भारतातून ताजी फळं, भाज्या, बियाणं, दूध-तूप, मध नेऊ नका, कस्टममध्ये काढून घेतात. मसाले, पोहे, पॅकबंद तयार पदार्थ न्यायचे असतील तर कंपनीच्या सीलबंद पाकिटातलेच, आणि विचारलं तर सरळ दाखवायचे. तांदूळ, डाळ, दही, ब्रेड, भाजी सगळं क्रूगरच्या वाटेवरच्या एम्बोम्बेलाच्या सुपरमार्केटमध्ये मिळतं. हे तेच गाव ज्याला अजून बरेच जण नेल्सप्रुट म्हणतात, गूगलवर दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका. कॅम्पातल्या दुकानात मुख्यतः मांस, सरपण, बिस्किटं, बटाटे-कांदे, भाजी फारशी ताजी नसते. रेस्टॉरंट आहेत पण शाकाहारी माणसाला तिसऱ्या दिवशी तेच तेच सँडविच आणि फ्राइज नको होतात.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे: तिथले जुने सॉकेट तीन जाड गोल पिनांचे असतात आणि आपला गीझर-एसीचा १६ अँपिअरचा मोठा प्लग त्यात बसतो. मोठ्या पिनेचा एक एक्स्टेंशन बोर्ड घरून नेला की सगळे चार्जर त्यावर. काही ठिकाणी नवे छोटे सॉकेट आहेत, म्हणून साधा ॲडॉप्टर पण ठेवा.

दुर्बीण माणशी एक. खरंच सांगतो, दोघांत एक असली की भांडणं होतात आणि बिबट्या तोवर झाडावरून उतरतो. ड्रोन नेऊ नका, पार्कात पूर्ण बंदी. दिवसभरासाठी येणाऱ्यांना दारू आत नेता येत नाही.

७. जोहान्सबर्ग ते गेट

ओ.आर. टँबो विमानतळावरून मालेलेन गेट साधारण ४०० किमी, एन ४ हायवे, चांगला रस्ता, टोलनाके बरेच, तरी साडेचार-पाच तास. टोलला परदेशी कार्ड कधी चालतं कधी नाही, रोख रँड (तिथलं चलन) वेगळे काढून ठेवा. विमान सकाळी दहानंतर उतरणार असेल तर त्या दिवशी गेट गाठायचा विचारच करू नका. एम्बोम्बेलाला मुक्काम, संध्याकाळी किराणा, दुसऱ्या दिवशी पहाटे गेट.

अंधारात चालवू नका. लूटमारीची भीती आहेच, पण रस्त्यावर गुरं येतात, खड्डे दिसत नाहीत. गाडीत बॅगा दिसतील अशा ठेवून पेट्रोल पंपावर उतरू नका.

तिथल्या दोन सवयी आधी समजून घ्या. एक, चौकात चारी बाजूंना स्टॉपची पाटी असते, तिथे प्रत्येकानं पूर्ण थांबायचं आणि जो आधी आला तो आधी जाणार, हॉर्न नाही, घुसायचं नाही. दोन, सिग्नलला तिथे रोबोट म्हणतात, "तिसऱ्या रोबोटला डावीकडे" असं कोणी सांगितलं तर तेच. पेट्रोल आपल्यासारखंच माणूस भरून देतो, ५-१० रँड टिप द्यायची पद्धत आहे.

इशारा: लोअर साबीसाठी क्रोकोडाइल ब्रिज गेट सगळ्यात जवळ, ३४ किमी. पण तिथला नदीवरचा पूल बुटका आहे, तिथल्या पावसाळ्यात पाण्याखाली जातो. जोरदार पाऊस झाला असेल तर आधी चौकशी करा आणि मालेलेननं आत या.

८. आत गेल्यावर: गेटची वेळ हेच घड्याळ

नोव्हेंबर ते जानेवारी कॅम्पचं गेट पहाटे ४:३० ला उघडतं पण बाहेरचं प्रवेशद्वार ५:३० ला, संध्याकाळी ६:३० ला बंद. मे ते जुलै सकाळी ६ ला उघडतं आणि संध्याकाळी ५:३० ला बंद. मधल्या महिन्यांत थोडं थोडं बदलतं, तुमच्या महिन्याचं कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. नोव्हेंबर ते जानेवारीत आत राहणाऱ्याला बाहेरच्यापेक्षा पूर्ण एक तास जास्त मिळतो, आणि तो दिवसातला सगळ्यात चांगला तास असतो. म्हणून तर कॅम्प आधी, कॅम्प आधी असं मघापासून म्हणतोय. उशीर झाला तर दंड होतो, सबब चालत नाही.

आपल्या वेळेपेक्षा तिकडे साडेतीन तास मागे, त्यामुळे पहिले काही दिवस पहाटे आपोआप जाग येते. तिथले पहाटेचे साडेचार म्हणजे शरीरासाठी सकाळचे आठ. त्याचा फायदा घ्या.

दिवस असा बसवा. गेट उघडताच बाहेर, थर्मासमध्ये चहा. नऊ-साडेनऊपर्यंत हळूहळू चालवत एखाद्या पिकनिक स्पॉटला. तिथे गॅसची स्कॉटल भाड्यानं मिळते, म्हणजे मोठी सपाट लोखंडी कढई, त्यावर कांदेपोहे इतके छान होतात की शेजारच्या टेबलावरचे लोक विचारायला येतात. मग अकराच्या सुमाराला कॅम्प, झोप. तीनला परत बाहेर, गेट बंद व्हायच्या अर्धा तास आधी कॅम्पच्या जवळपास. भर दुपारी गाडी फिरवत राहणं ही नव्या माणसाची ठरलेली चूक, प्राणी सावलीत आडवे झालेले असतात आणि संध्याकाळपर्यंत ड्रायव्हर थकून जातो.

उतरायचं फक्त ठरलेल्या ठिकाणी: पिकनिक स्पॉट, पक्षी बघायच्या हाइड (आडोशाच्या जागा), पाटी लावलेल्या जागा, आणि मोठ्या पुलांवर पिवळ्या पट्ट्यांच्या मध्ये. बाकी कुठेही दार उघडायचं नाही, खिडकीतून किंवा सनरूफमधून अंग बाहेर काढायचं नाही, मुलांना तर अजिबात नाही. लघवीला पण नाही. म्हणून आजी-आजोबा बरोबर असतील तर रस्ता ठरवताना आधी संडास कुठे आहेत ते नकाशावर खूण करा. स्कुकुझा-लोअर साबी रस्त्यावर न्कुह्लू, स्कुकुझा-सतारा रस्त्यावर त्शोक्वाने, हे दोन्ही सोयीचे.

कुठल्या रस्त्यानं जायचं? लोअर साबीला सकाळ-संध्याकाळ जवळच्या सनसेट डॅमवर थांबा, गाडीतूनच पाणघोडे आणि मगरी हाताच्या अंतरावर वाटतात. नदीकाठचा एच ४-१ रस्ता प्रसिद्ध आहे आणि म्हणूनच तिथे गाड्यांची गर्दी होते, पहाटे सगळ्यात आधी तिथे पोचा किंवा दुपारनंतर जा. साताऱ्याचा आणि या सताराचा काही संबंध नाही, पण सिंहांसाठी सतारासारखी जागा नाही, एस १०० हा मातीचा रस्ता पहाटे करा, हळू, २० च्या स्पीडनं. ओलिफंट्स कॅम्प नदीच्या वर कड्यावर आहे, तिथे दुपारी गाडी काढूच नका, नुसतं बसून खाली बघा, हत्ती, जिराफ, सगळे पाण्यावर येतात. उत्तरेला प्राणी कमी दिसतात पण गाड्या पण कमी, आणि शिंगवेड्झी नदीच्या काठाची शांतता मला स्वतःला दक्षिणेपेक्षा जास्त आवडते.

सगळं लक्ष सिंहाकडे ठेवू नका. पाच मोठ्या प्राण्यांची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) यादी पुरी करायच्या नादात लोक जिराफ, तरस, रानकुत्रे, धनेश यांच्यासमोर गाडी थांबवत पण नाहीत. इम्पाला सगळे एकाच दिशेला टक लावून बघत असतील तर इंजिन बंद करून दहा मिनिटं बसा, बहुतेक वेळा काहीतरी असतंच.

सानपार्क्सच्या उघड्या गाडीतली एक रात्रीची सफारी जरूर घ्या, कारण रात्री तुम्हाला स्वतःची गाडी काढता येत नाही. ६ वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही, आणि बंदूकधारी रेंजरबरोबरच्या पायी फेरीला १२ वर्षं पूर्ण लागतात.

इशारा, हत्ती: वाघ-सिंहाची भीती सगळ्यांना असते, पण क्रूगरमध्ये गाडीवाल्यानं खरं सांभाळायचं ते हत्तीला. कान फडकवून डोकं हलवतोय, सोंड वर करतोय, पाय आपटतोय, म्हणजे तो सांगतोय मागे व्हा. गालावर काळा ओघळ आणि मागच्या पायांवरून सतत मूत्र गळणारा नर म्हणजे मदात आलेला, त्याला दुरूनच बघून रिव्हर्स घ्यायचा. मागे जायला जागा आहे का हे नेहमी आधी बघून ठेवा, मागे दुसरी गाडी चिकटली असेल तर पुढे सरकूच नका. पिल्लू आणि आईच्या मधून कधी जायचं नाही. इंजिन अशा वेळी बंद करायचं नाही.

पंक्चर झालं तर खाली उतरून टायर बदलायला सुरुवात करू नका. गेटवरून इमर्जन्सी नंबर आधीच लिहून घ्या, फोन लावा किंवा येणाऱ्या गाडीला थांबवा. नेटवर्क कॅम्पच्या आसपास चांगलं, मध्ये जातं, म्हणून नकाशा ऑफलाइन घ्या आणि कॅम्पच्या दुकानातलं कागदी नकाशाचं पुस्तक घ्याच.

माकडं आणि बबून: कॅम्पात खोलीचं दार उघडं ठेवून अंघोळीला गेलात की पोळ्या गेल्या. व्हरांड्यातला फ्रीज कडी लावून बंद करा. कुठल्याही प्राण्याला खायला घालू नका, सवय लागलेलं माकड माणसावर धावून येतं आणि शेवटी त्याला मारावं लागतं. कुंपणापाशी रात्री तरस येतं, त्याला हाड टाकणारे लोक असतात, ते बघून मुलं पण करतात, त्यांना थांबवा.

९. जंगलाच्या आतल्या जुन्या जागा

बरेच जण या जागा बाजूनं जातात आणि थांबत नाहीत. मासोरिनी ही लेटाबा ते फालाबोर्वा रस्त्यावर, फालाबोर्वा गेटपासून १२ किमी. टेकडीच्या उतारावर लोखंड गाळणाऱ्या लोकांची वस्ती पुन्हा उभारलेली आहे, भट्ट्या बघायला मिळतात. इथे उतरायला परवानगी आहे, तासभर ठेवा. लेटाबाहून जाऊन यायला अर्धी सकाळ जाते.

थुलामेला ही अगदी उत्तरेला, लुवुव्हू नदीच्या वरच्या टेकडीवर, दगडी भिंतींचं गाव. १९९६ मध्ये इथे सोन्याच्या दागिन्यांसकट पुरलेली माणसं सापडली. तुम्ही आपले आपण जाऊ शकत नाही, गाइड घेऊनच. पुंडा मारियाच्या रिसेप्शनला पोचल्या पोचल्या पहिलं काम हे, दुसऱ्या दिवशीच्या फेरीची चौकशी. म्हणून तर तिथे दोन रात्री सांगितल्या, एकच रात्र घेतली की हे राहून जातंच. चढ आहे, गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी विचारा. त्याच दिवशी पुढे पाफुरी आणि क्रुक्स कॉर्नर होतं, जिथे लुवुव्हू लिम्पोपोला मिळते आणि समोर मोझांबिक, झिंबाब्वे.

१०. मापुंगुब्वे

पुंडा मारिया गेटमधून बाहेर पडलात की अर्धा दिवस पूर्ण प्रवासाला धरा. वाटेतल्या मुसिना गावात टाकी फुल करा, किराणा आणि प्यायचं पाणी घ्या, कारण पुढे गेटपर्यंत जवळजवळ ७० किमी आहे आणि आत पेट्रोल नाही. क्रूगरच्या कॅम्पांची सवय झालेली असते, दुकान असणार, रेस्टॉरंट असणार, आणि लिओक्वेला पोचल्यावर कळतं की स्वतःचं स्वतःच बनवायचंय. दोन दिवसांचं सगळं बरोबर न्या.

दुसरी चूक, टेकडी. लोकांना वाटतं गाडी लावायची आणि चढायचं. मापुंगुब्वेच्या टेकडीवर फक्त पार्कच्या गाइडबरोबरच जाता येतं. गेटवरच बुकिंग करा, सकाळची फेरी मागा, दुपारी तो दगड तव्यासारखा तापतो. टेकडी साधारण ३० मीटर उंच, लाकडी जिना आहे पण उभा. एक लिटर पाणी माणशी.

आधी इंटरप्रिटेशन सेंटर, मग टेकडी. उलटं केलं तर वर गेल्यावर नुसते दगड आणि खड्डे दिसतात. साधारण १२२० ते १३०० या काळात इथे राजाचं ठाणं होतं, राजा वर, लोक खाली. आणि इथे सापडलेल्या काचेच्या मण्यांसमोर आपल्या माणसानं जरा जास्त वेळ उभं राहावं, हे मणी हिंदी महासागरावरच्या व्यापारातून आले, आपल्या किनाऱ्याकडच्या मालाच्या बदल्यात इथलं सोनं आणि हस्तिदंत जात होतं. मी ते मणी बघितले तेव्हा आपल्या कोकणातली जुनी बंदरं डोळ्यांसमोर आली.

ही नुसती बघायची जागा नाही. १९३० च्या दशकात इथून काढून नेलेले मृतांचे अवशेष २००७ मध्ये त्यांच्या वारसांनी परत आणून इथेच पुरले. त्यामुळे वर मोठ्यानं बोलणं, उड्या मारत रील काढणं नको. गाइड सांगेल तिथे फोटो नाही म्हणजे नाही. खापराचा तुकडा, मणी, काहीही उचलायचं नाही, १९९९ च्या वारसा कायद्याखाली तो गुन्हा आहे.

तपासा: पार्क पूर्व आणि पश्चिम अशा दोन भागांत आहे, मध्ये खाजगी शेतं. लिओक्वे आणि टेकडी पूर्व भागात, लिम्पोपो फॉरेस्ट कॅम्प पश्चिमेला. बुकिंग करताना चुकून दुसऱ्या भागातलं घेऊ नका. संध्याकाळ लिम्पोपो-शाशे संगमाच्या पॉइंटवर घालवा, एका जागी उभं राहून तीन देश दिसतात. पण गाडीकडे परतताना वेळ बघा, आणि रात्री कॅम्पात टॉर्चशिवाय चालू नका.

११. परतीचा रस्ता आणि घरी आल्यावर

मापुंगुब्वे ते जोहान्सबर्ग साधारण ५०० किमी, एन १, टोल आहेत, सहा तास. विमानाच्या दिवशीच हे अंतर करू नका. वाटेत प्रिटोरिया लागतं आणि मापुंगुब्वेच्या टेकडीवर सापडलेला सोन्याचा छोटा मूळ गेंडा प्रिटोरिया विद्यापीठाच्या संग्रहात आहे, पार्कात तुम्ही बघता ती प्रतिकृती असते. संग्रह कुठल्या वारी उघडा असतो ते बघून त्याप्रमाणे रात्र ठेवा.

क्रूगरमधून निघताना गेटवर परमिट आणि डिकी तपासतात. उरलेलं कच्चं मांस बरोबर ठेवू नका, गुरांच्या लाळ्या-खुरकुताच्या रोगामुळे ते बाहेर न्यायला बंधनं आहेत. परमिटचा कागद पहिल्या दिवशी कुठे ठेवला ते लक्षात ठेवा.

घरी आल्यावर गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा. पुढच्या काही आठवड्यांत, अगदी दोन-तीन महिन्यांनी सुद्धा, ताप आला तर घरीच क्रोसिन घेऊन बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि पहिलं वाक्य हेच सांगा की आफ्रिकेत मलेरियाच्या भागात जाऊन आलोय. अंगावर काळ्या खपलीसारखा डाग दिसला तर तो पण दाखवा, गोचीड चावल्यानं येणारा ताप तिथे असतो आणि आपल्याकडच्या डॉक्टरांच्या ते पटकन डोक्यात येत नाही.